सार्वजनिक गाळा आणि मालकाचे मत

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो हे मोठे शहर आहे. २१ मार्च २०१९ रोजी तेथील नगरपरिषदेपुढे विमानतळावरील दुकानांच्या ठेक्याचा प्रस्ताव आला. ६ विरुद्ध ४ मतांनी तो मंजूर झाला, पण एका अटीवर. प्रस्तावातील ‘चिक-फिल-ए’ या साखळी उपाहारगृहाचे नाव वगळावयाचे होते.

मालात भेसळ केली किंवा भाडे थकविले, असा आरोप या पेढीवर नव्हता. तिचे मालक कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. त्यांची दुकाने रविवारी बंद असतात. पेढीच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये समलिंगी विवाहाविरुद्ध मत मांडले होते, आणि त्या विचाराच्या काही संस्थांना पेढीकडून देणग्याही गेल्या होत्या. विमानतळ हे शहराचे प्रवेशद्वार असून तेथे प्रत्येकाला आपले स्वागत होत आहे असे वाटले पाहिजे, ही वगळणाऱ्या सदस्यांची भूमिका होती.

ही भूमिका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याला आयुष्यभर अवहेलना सोसावी लागली, त्याच्या कराच्या पैशाने उभ्या राहिलेल्या वास्तूत त्याला पुन्हा परके वाटावे, हे कोणत्याही शहराला शोभणारे नाही. कोंबडीचे पदार्थ विकणाऱ्या या दुकानाची पायरी जैन वाचक चढणार नाही, त्यामुळे त्याला येथे निर्लेप मनाने विचार करता येतो.

विचार करता एक भेद ध्यानी येतो. गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी कसा वागतो, नोकराला कसे वागवितो, हे विचारण्याचा नगरपालिकेला पूर्ण अधिकार आहे. कोणाला दारातून परत पाठविले, तर परवाना काढून घ्यावा. रविवारी बंद राहणारा गाळा परवडत नसेल, तर तशी अट निविदेतच सर्वांसाठी लिहावी. परंतु मालक कोठे प्रार्थना करतो आणि स्वतःच्या नफ्यातून कोणाला दान देतो, ही चौकशी सत्तेने आरंभिली की तिला अंत राहत नाही.

शिकागोजवळील नॉर्थलेक या गावी असेच घडले होते. नादुरुस्त वाहने ओढून नेणाऱ्या एका व्यावसायिकाने महापौरांच्या निवडणुकीसाठी देणगी नाकारली व त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला साथ दिली. गावाच्या कामाच्या यादीतून त्याचे नाव गेले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मतस्वातंत्र्याचे संरक्षण अशा स्वतंत्र ठेकेदारालाही आहे.

सॅन अँटोनियोतही प्रकरण तेथेच थांबले नाही. त्याच वर्षी टेक्सासने धार्मिक संस्थांशी असलेल्या संबंधांवरून शासनाने कोणाविरुद्ध कारवाई करू नये, असा कायदा केला. केंद्रीय विमानवाहतूक खात्याने चौकशी आरंभिली. २०२० मध्ये शहराने गाळा देऊ केला, तेव्हा पेढीनेच तो नाकारला. प्रवेशद्वारी कोणाचेही स्वागत अधिक झाले नाही.

व्यापारी कुटुंबांनी हा प्रसंग दूरचा मानू नये. पर्युषणात दुकान बंद ठेवणारा, अंडी न विकणारा, पांजरपोळाला देणगी देणारा व्यापारीही कोणाच्या तरी दृष्टीने चुकीच्या मूल्यांचाच ठरू शकतो. उलट, बाजार समितीत किंवा नगरपालिकेत आपली माणसे बहुमतात असतील, तेव्हा दुसऱ्याच्या श्रद्धेवरून त्याचा गाळा अडविण्याचा मोह त्यांनाही होऊ शकतो. खासगी ट्रस्टच्या भोजनशाळेत कांदा-बटाटा नसावा, हा ट्रस्टचा अधिकार. पालिकेच्या मंडईतील गाळ्याच्या लिलावात मात्र बोलीची रक्कम आणि व्यवहारातील सचोटी एवढेच पाहिले जावे.

मत न पटणाऱ्या दुकानात न जाण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि त्याने तो खुशाल वापरावा. श्रावकही कोणता धंदा करावयाचा नाही, याचे व्रत स्वतःच घेतो; ते त्याच्यावर नगरपालिका लादत नाही. अनेकान्ताचा संस्कार मिरविणाऱ्या समाजाने शेजारच्या गाळ्यातील भिन्न मताच्या व्यापाऱ्याची बाजू घेतली, तर तो संस्कार व्याख्यानातून बाजारात उतरला असे म्हणता येईल.