लिंबावर झोपणाऱ्या कोंबड्या

कोंबडी लंगडायला लागली की आमच्या वस्तीवर तिचा निकाल उभ्या उभ्या लागतो. ‘मानमोडी आली,’ असं एक जण म्हणतो आणि ‘आजच कापा, नाहीतर फुकट जाईल,’ असं दुसरा. म्हशीला ताप आला तर रात्री दहाला डॉक्टरांना फोन जातो. कोंबडीसाठी फोन जात नाही, कारण डॉक्टरांच्या फेरीचा खर्च आणि कोंबडीची किंमत जवळपास सारखीच. हा हिशेब मला कधीच पटला नाही. एक कोंबडी लंगडली तर ती एका कोंबडीची गोष्ट असते. तिच्यामागून दुसरी, तिसरी लंगडली की ती सगळ्या खुराड्याची होते. आमच्या घरात पोरांच्या वह्या, तेल-मीठ आणि आत्यांच्या बीपीच्या गोळ्या अंड्यांच्या पैशातून येतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कोंबड्या मुळात त्यांच्याच.

आमची वस्ती सांगोला तालुक्यात, माळावर. थोडं डाळिंब, थोडी ज्वारी, दोन म्हशी आणि पंचविसेक कोंबड्या. बहुतेक गावठी, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून घरीच काढलेल्या, दोन-चार गिरिराज. गेल्या पावसाळ्यात वाऱ्यानं पत्र्याचं खुराडं उडालं, तेव्हा थोरल्या भाऊजींची जुनी खोली आम्हाला मिळाली. भाऊजी पंढरपूरला राहायला गेल्यापासून ती बंदच होती. दगड-मातीच्या भिंती, बाभळीचे वासे, खाली फरशी. पूर्वी त्यांच्याही कोंबड्या तिथेच असायच्या. आमच्यातल्या सात-आठ कोंबड्यांनी मात्र त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दाणे टाकून पाहिले, हुसकून पाहिलं. सांज झाली की त्या दारातल्या कडुलिंबावर चढायच्या आणि तिथेच झोपायच्या. मुंगसाच्या, मांजराच्या भीतीनं आत्या रोज त्यांच्या नावानं ओरडायच्या.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं आणि कवडी लंगडायला लागली.

सकाळी दाराची फळी मी थोडीच सरकवते, म्हणजे कोंबड्या एकेक करून बाहेर येतात. शेजारी बसून पाहिलं तर प्रत्येकीची चाल नजरेत भरते. कवडी उजवा पाय टेकवायची आणि लगेच उचलून धरायची. तिला धरून उलटी केली. तळपायाच्या मधोमध काळी, कडक खपली आणि तिच्याभोवती सूज. कवडी सगळ्यात उंच वाशावर बसायची आणि सकाळी तिथून थेट फरशीवर उडी घ्यायची. तळव्याला जखम होते, तिच्यातून जंतू आत जातात आणि आत घट्ट पू साठतो. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, आयोडीन लावून, पट्टी बांधली. पट्टी रोज बदलावी लागायची. पुढे बाकीचं सगळं निस्तरेपर्यंत तिचा पाय बराही झाला.

त्यानंतर एक गिरिराज कोंबडी लंगडली. तिच्या बोटाला गोणीचा प्लॅस्टिकचा धागा गुंडाळला गेला होता आणि मांसात रुतला होता. सुईच्या टोकानं उचलून कात्रीनं कापला. बोट निळं पडायला लागलं होतं, पण वाचलं. गोण्यांचे धागे अंगणात पडू देऊ नयेत, एवढं यावरून सांगते. दिसायला क्षुल्लक वाटतो, पण कोंबडीचं बोट गळून पडतं त्यानं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग तांबडीचं झालं, आणि ते वेगळं होतं.

तांबडी पाय उचलून धरत नव्हती. ती दोन्ही पायांवर लटपटायची, चार पावलं टाकून घोट्यांवर बसायची. तळवे स्वच्छ, कुठे सूज नाही, हाड मोडलेलं नाही. तुरा फिका पडलेला, डोळे मिटमिटत राहायचे, शिट हिरवी आणि पांढरट. पाणी मात्र सारखं प्यायची. दोन-तीन दिवसांत बोडक्या मानेची तशीच बसली, मग एक तलंग. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं, मानमोडी हाय ही. बाजारला धाड समद्या.” आजारी कोंबड्या बाजारात पाठवायच्या, म्हणजे तो आजार दुसऱ्याच्या अंगणात नेऊन सोडायचा. ते मी करणार नव्हते.

तलंग मेली त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हैस भरवायला आले होते. तरुण आहेत, घाई करत नाहीत. म्हशीचं काम झाल्यावर मी त्यांना कोंबड्या दाखवल्या. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. किती वयाच्या? लस कधी टोचली? खायला काय? मान वाकडी होते का? तोंड उघडं टाकून श्वास घेतात का? मान सरळ होती, शिंक नाही, घरघर नाही, मानमोडीची लस हिवाळ्यात टोचलेली. ते म्हणाले, “ताई, मानमोडीत नुसते पाय जाऊन थांबत नाही. पण अंदाजानं बोलायला नको. मेलेली आहे ना, ती उघडून बघू.”

हातमोजे, मास्क घालून त्यांनी गोठ्यामागे तलंग उघडली. त्यांना शंका मॅरेक्सची होती. या रोगात तरण्या कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणला जातो. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली पाय आणि पंख लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन करून ठेवलं, त्यावरून हे नाव पडलं. या रोगाला औषध नाही. लस असते, पण ती अंड्यातून निघालेल्या पहिल्या दिवशीच द्यायची असते, आणि खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांना ती कोण देणार? डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बाजूला करून आतली नस दाखवली. मॅरेक्समध्ये ती एका बाजूला तरी सुजून जाड, पिवळसर होते आणि तिच्यावरच्या बारीक आडव्या रेषा पुसल्या जातात. इथे दोन्ही मांड्यांतल्या नसा सारख्याच बारीक, पांढऱ्या, रेषा स्पष्ट. मी वाकून दोन्ही पुन्हा पाहिल्या. मग त्यांनी पोट उघडलं. पानथरी नेहमीच्या दुपटीहून मोठी झालेली आणि डागाळलेली. ती पाहून ते थांबले, आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो त्या दुपारचा सगळ्यात कामाचा प्रश्न होता.

“या सगळ्या झोपतात कुठे?”

मी एकेकीचं सांगत गेले. कवडीचं आणि धाग्याचं प्रकरण बाजूला ठेवलं तर आजारी पडलेली प्रत्येक कोंबडी खोलीत झोपणारी होती. लिंबावर झोपणाऱ्यांपैकी एकही नव्हती. दाणा सगळ्यांचा एक, पाण्याचं भांडं एक, दिवसभर उकिरडाही एकच उकरतात. खाण्यात खोट असती तर लिंबावरच्याही बसल्या असत्या. एकमेकींच्या शिंकेनं पसरणारा रोग असता तर अंगणात कुणीच सुटलं नसतं. फरक फक्त रात्रीचा होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं, पण कुणी विचारल्यावर ते ओळीनं लागलं.

डॉक्टरांनी तांबडीचा पंख उचलला, पिसांवर फुंकर मारून कातडी उघडी केली. पंखाखाली आणि मांडीच्या आतल्या अंगाला काळपट लाल दाणे चिकटलेले. खपल्यांसारखे दिसत होते, पण चिमट्यानं ओढल्यावर त्यांना पाय फुटले. कोंबडीच्या गोचिडाची पिल्लं होती ती. शास्त्रीय नाव अर्गस पर्सिकस. गुरांचा गोचीड दिवसचे दिवस अंगाला चिकटून राहतो, म्हणून आपल्याला दिसतो. या गोचिडाची फक्त पिल्लं तेवढी काही दिवस अंगावर राहतात. मोठे गोचीड दिवसा भिंतीच्या फटींत लपतात, रात्री बाहेर येतात, अर्ध्या तासाच्या आत रक्त पिऊन परत फटीत जातात. कोंबडीला दिवसा कितीही चाळा, ते सापडत नाहीत. “आज रात्री अकरानंतर बॅटरी घेऊन जा,” डॉक्टर म्हणाले.

रात्री मी, हे आणि आत्या गेलो. दार हळू उघडलं. कोंबड्या वाशांवर ओळीनं बसलेल्या. आधी काहीच दिसलं नाही. मग वासा भिंतीत शिरतो तिथे बॅटरी तिरकी धरली, आणि भिंत हलतेय असं वाटलं. कलिंगडाच्या बीएवढे, तसेच चपटे, राखाडी-तपकिरी गोचीड फटीतून एकामागून एक निघत होते आणि वाशावरून कोंबड्यांच्या पायांकडे चालले होते. काही परत येत होते, ते टम्म फुगलेले, निळसर. उजेड पडताच ते मागे वळायचे. बोडक्या मानेचीच्या पिसं नसलेल्या कातडीवर दोन बसलेले होते. तिनं डोळेही उघडले नाहीत. फटींच्या कडेला काळे ठिपके होते, त्यांची विष्ठा. दिवसा मी ते ठिपके धूळ समजून झाडले असते. आत्यांनी काठीच्या टोकानं एक चिरडला, तर भिंतीवर रक्ताचा ओघळ आला. कोंबडीचंच रक्त. आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणून त्या लिंबावर जात व्हत्या.”

कोंबड्यांना खरंच कळलं होतं का, मला सांगता येणार नाही. पण त्या रात्रीपासून आत्या त्यांच्यावर ओरडल्या नाहीत.

गोचीड सापडले म्हणजे रोग सापडला असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. हे गोचीड रक्त पिऊन कोंबडी फिकी करतात, त्यांच्या पिल्लांमुळेही पाय लुळे पडू शकतात, आणि ते एक जंतूही देतात. तिन्हींचे उपाय वेगळे. जंतू आहे का हे रक्त तपासून कळतं. तांबडीचं रक्त काचपट्टीवर घेतलं, त्यात काही निघालं नाही. कुणीही तिथे थांबलं असतं. डॉक्टर थांबले नाहीत. ते म्हणाले, हा जंतू तापाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तात दिसतो; ताप उतरला की रक्तातून नाहीसा होतो आणि पाय मात्र लुळेच राहतात. म्हणजे सगळ्यात जास्त आजारी दिसणारी कोंबडी तपासायला उपयोगाची नाही. आज सकाळी नुकती मलूल झालेली हवी.

अशी भुरी निघाली. चालत होती नीट, पण दाण्याकडे पाठ करून उभी. कोंबडीचं तापमान निरोगी असतानाही १०६-१०७ असतं. भुरीचं १०९च्या वर गेलं होतं. तिच्या पंखाखालच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, वाळवून हे ती पट्टी घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी यांना सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. कोंबडीच्या लंबगोल रक्तपेशींच्या मधून जांभळे, बारीक, पीळदार तंतू. स्पायरोकेटोसिस. जंतूचं नाव बोरेलिया अनसेरिना. नंतर मी वाचलं, साखारोव यांनी १८९१ मध्ये कॉकेशसमधल्या हंसांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला आणि १९०३ साली ब्राझीलमध्ये मार्शू आणि सालिंबेनी यांनी तो अशाच गोचिडातून पसरतो हे दाखवून दिलं. इतकी जुनी गोष्ट, आणि आमच्या माळावर अजून सगळ्याला मानमोडीच म्हणतात.

या जंतूवर पेनिसिलिन चांगलं चालतं. डॉक्टरांनी छातीच्या मांसात इंजेक्शनं दिली. भुरी दुसऱ्याच दिवशी ज्वारीवर तुटून पडली. तांबडीला उभं राहायला पुष्कळ वेळ लागला. तिला मी हातानं पाणी पाजत होते आणि कुशी बदलून ठेवत होते. बोडक्या मानेची गेली. औषध चालू असताना आणि पुढेही डॉक्टरांनी सांगितलं तोवर अंडी विकली नाहीत, खाल्ली नाहीत.

पण सगळ्यात जास्त काम निघालं ते खोलीचं. हा गोचीड वर्ष-दोन वर्षंसुद्धा काही न खाता फटीत जिवंत राहतो, आणि मादीच्या अंड्यांतून जंतू पुढच्या पिढीत उतरतो. भाऊजींच्या कोंबड्या गेल्यानंतर बंद खोलीत ते वाट पाहत बसले होते. कोंबड्या बऱ्या करून परत तिथेच कोंडल्या असत्या तर पुन्हा पहिल्यापासून सगळं आलं असतं. म्हणून कोंबड्या बाहेर काढून डालग्यांखाली ठेवल्या, अंगावरची पिल्लं गळून पडेपर्यंत. खालचा भुसा रोज जाळला. बाभळीचे साल असलेले वासे काढून चुलीत घातले आणि तासलेले, गुळगुळीत दांडे भिंतीपासून वीतभर लांब, ठेंगणे बसवले. कवडीचा पाय लक्षात ठेवून ठेंगणे. रिकाम्या खोलीत डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं, आणि अंड्यांतून नवी पिल्लं निघतात म्हणून काही दिवसांनी परत फवारलं. मग फटी सिमेंटनं लिंपल्या, वरून चुना.

लिंपताना आत्यांनी सांगितलं, त्यांच्या सासूबाई दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला खुराडं आतून शेणमातीनं सारवून घ्यायच्या, एकही चीर ठेवायच्या नाहीत. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला वाटतं, त्या म्हातारीला गोचीड ठाऊक होते.

काकूंच्या खुराड्यात मी बॅटरी घेऊन गेले तेव्हा तिथेही सापडले. त्यांचं खुराडं राहत्या घराच्या भिंतीला टेकून आहे, त्यामुळे औषध कसं मारायचं हा प्रश्न आहे. त्यांच्या मुलाचं म्हणणं, खुराडंच पाडून परड्यात नवं बांधू. डॉक्टर पुढच्या आठवड्यात वस्तीवर येणार आहेत. त्याआधी उरलेल्या चार घरांत रात्री जाऊन बघायचं मी आणि काकूंनी ठरवलंय. बॅटरीचे सेल आणून ठेवलेत.