मिडलचं बटण

आमचे भाईजान वसईच्या एका ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं गिटार वाजवत होते. वरात असो, नाताळ असो की मोहल्ल्यातली शादी, फर्माईश ठरलेली: ‘दम मारो दम’. 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या या गाण्याची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. ‘हकीकत’मध्ये (1964) रफी, तलत, मन्ना डे यांच्या सोबतीने कैफी आझमींचे शब्द गाणारा तो धीरगंभीर आवाज, पुढे गझलेत रमलेला! पण तोच तो.

मागच्या वर्षी भाईजान गिटार घेऊन माझ्या नालासोपाऱ्याच्या दुकानात आले. म्हणाले, “छोटे, हिचा आवाज मेला रे. तो जुना काढून दे.”

मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. मशिदीचा, चर्चचा, भजनी मंडळाचा, सगळे एकाच टेबलावर उघडतात. रॉक गिटारचा तो जुना भरड-गोड आवाज म्हणजे खरं तर अ‍ॅम्प्लिफायरची दमछाक. 1962 मध्ये लंडनला ड्रम विकणाऱ्या जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकन फेंडरचं सर्किट समोर ठेवून एक अ‍ॅम्प तयार झाला आणि वादकांनी तो ताकदीबाहेर पिळला. व्हॉल्व्हला झेपेनासं झालं की ध्वनिलहरीचं टोक हळूच चपटं होतं, मूळ सुरात वरचे सूर मिसळतात. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये तेच टोक कात्रीने कापल्यासारखं जातं आणि कानाला बोचतं. आमच्याकडे व्होल्टेज उतरलं की व्हॉल्व्हचा जुना डबा जास्तच गोड वाजायचा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, मी मात्र ऐकत बसायचो.

पण दोन खोल्यांच्या घरात, भिंतीपलीकडे तान्हं मूल असताना, व्हॉल्व्ह कुठला पिळणार? म्हणून भाईजानच्या पंधरा वॅटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर गेन दहापैकी फक्त चार ठेवला. बास तीन, मिडल सात, ट्रेबल पाच. गिटारचं स्वतःचं बटण सातवर. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर, म्हणजे बास गुरगुरत नाही. हल्लीची पोरं नेमकं उलटं करतात: गेन दहा, मिडल शून्य. एकट्याने वाजवताना झकास वाटतं, कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायब! गिटारचा जीव मधल्या पट्टीतच असतो.

भाच्याने वाजवून दाखवलं. मला पसंत पडलं. भाईजाननी मान हलवली, उठून ट्रेबल दहावर नेला. भाच्याने कानांवर हात ठेवले.

पंधरा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला स्पीकरची चळत असायची. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि बहुधा वरचे सूर आधी जातात. भाभींनी जबरदस्तीने तपासणी करून आणली, तिच्यात हेच निघालं. मशीन लावायला ते अजून तयार नाहीत.

मी ट्रेबल परत पाचवर आणला आणि मिडल नऊवर. भाचा पुन्हा वाजवू लागला. भाईजान डोळे मिटून बसले. मग बोट उचलून एवढंच म्हणाले, “हां, हाच.”

आता त्या बटणाशेजारी दोन खुणा आहेत. सातवर लाल, ती सगळ्यांची. नऊवर पांढरी.