लंकेला जाताना

श्रीलंका म्हटले की अनुराधपूरचा बोधिवृक्ष आठवतो. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कॅन्डीला गेले, तोच हा देश. पै-पै साठवून आम्ही वस्तीतली चार कुटुंबे गेलो, ती तिथले सिंहराज अरण्यही पाहून आलो. तिथल्या शंभरातील साठांहून अधिक झाडे फक्त याच बेटावर आढळतात.

जाणाऱ्या बंधुभगिनींनी जानेवारी ते मार्च हा काळ धरावा. मेपासून नैऋत्य भागात पाऊस कोसळतो. अरण्यात वाटाड्या घ्यावाच लागतो. जळवा फार. पॅन्ट लांब मोज्यांत खोवावी. चिकटलेली जळू ओढू नये, नखाने कडेने सोडवावी. विहारात चपला, टोपी काढावी. खांदे, गुडघे झाकलेले असावेत. दुपारी फरशी तापते, म्हाताऱ्यांना सकाळीच न्यावे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये.

आमच्यातल्या एका आजींना विहारात वाहायला रानफूल हवे होते. वाटाड्याने हात जोडून नको म्हटले. आजींनी त्याला झाडावरच वंदन केले.

रान पाहणे ही काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे. लेकरांना जरूर न्यावे. येताना मात्र पानही आणू नये.