पडद्यावरची पंचवटी

नाशिकच्या पंचवटीत वाढलेल्या मुलाला रामायण वेगळं बसवून सांगावं लागत नाही. ते येता-जाता दिसतं. काळारामाच्या देवळाजवळ सीतागुंफा, तिथले पाट्या लावलेले वड, खाली रामकुंड. गोदेच्या काठानं पुढे गेलं की तपोवन. तिथं कपिला गोदावरीला मिळते आणि लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक तिथंच कापलं, असं सगळे सांगतात. आमच्यासाठी वनवास म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची गोष्ट होती.

त्यामुळे एका सुट्टीत कार्टून नेटवर्कवर लागलेल्या चित्रपटात पंचवटीचं नाव आलं आणि मी ताडकन उठून बसलो. पडद्यावर ना रिक्षा, ना घाटावरची गर्दी. नुसतं रान. हिरव्यातल्या हिरव्याच्या किती छटा असतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“आजी, ही आपली पंचवटी?”

“आपलीच रे. तेव्हा अशी होती,” आजी म्हणाली. इतक्या खात्रीनं म्हणाली, की त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्यासाठी तीच खरी पंचवटी होती.

तो चित्रपट म्हणजे ‘रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामकथेत गुंतले ते कायमचे. राम देव आहे, तेव्हा त्याला माणसानं उभं करण्यापेक्षा चित्रातून उभं करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडचे राम मोहन आणि जपानचे कोईची सासाकी त्यांच्यासोबत दिग्दर्शनाला होते, संगीत वनराज भाटियांचं. साडेचारशेच्या आसपास चित्रकार आणि लाखभर चित्रं. धोतर कसं नेसतात, नमस्काराला हात कसे जुळतात, हे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना दाखवायचं आणि त्यांनी ते कागदावर उतरवायचं. १९९२ साली चित्रपट पुरा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतरच्या तापलेल्या दिवसांत त्याला मोठं प्रदर्शन मिळालंच नाही. आमच्या पिढीनं तो पाहिला तो घरात, टीव्हीसमोर मांडी घालून. साको २०१२ साली गेले, राम मोहन २०१९ साली. २४ जानेवारी २०२५ ला तो भारतभर चित्रपटगृहांत लागला, तेव्हा हे दोघंही ते पाहायला नव्हते. याची मला खरोखर हळहळ वाटते.

मी आईला घेऊन गेलो. सुरुवातीला मन रमेना. माझ्या कानात अरुण गोविलांचा राम आणि अमरीश पुरींचा रावण होता, आणि नव्या हिंदी आवृत्तीत आवाज नवे होते. लहानपणी ऐकलेला आवाज बदलला की ओळखीच्या माणसानं ओळख न दाखवल्यासारखं होतं. पण अयोध्या मागे पडली, तिघं रानात शिरले आणि मी आवाज विसरलो.

लहानपणी मला या भागाची घाई असायची. कधी एकदा कुंभकर्ण उठतो, कधी एकदा लंका पेटते! पंचवटीतले ते निवांत प्रसंग म्हणजे युद्धापर्यंत काढायचा वेळ. आता नेमकं उलट झालं. युद्ध चालू असताना माझं लक्ष मागे, रानाकडे जात होतं. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनिमेशनपटात पात्रं पारदर्शक तावांवर रंगवतात आणि ते ताव रंगवलेल्या देखाव्यावर ठेवून एकेक चित्र कॅमेऱ्यात घेतात. पात्र हलतं म्हणून ते पुन्हापुन्हा काढावं लागतं. मागचं झाड जागचं हलत नाही. ते एकदाच रंगवतात, पण त्या एका वेळी सगळा जीव ओततात. सोनेरी हरिण पळतं, नजर त्याच्यामागे धावते आणि ज्याच्या आडून ते पळतं त्या झाडाकडे कुणीही पाहत नाही. तरी त्याच्या खोडावरची सावली कुणीतरी मन लावून घातलेली असते. पोटासाठी काम करायला लागल्यावरच अशी मेहनत दिसू लागते.

नाशिकला हे सगळं परकं नाही. दादासाहेब फाळके १९१३ साली नाशिकला आले. १९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या तसूतसूनं सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली, म्हणजे निर्जीव वस्तू पडद्यावर चालवून दाखवली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके झाले होते, आणि पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढायचे. फाळक्यांनी माणसातून राम उभा केला, साकोंनी रेषेतून. मला दोन्ही सारखेच भक्तीचे वाटतात. फाळक्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. चित्रपट शिकणाऱ्या मुलांची तिथे रीघ लागायला हवी.

थिएटरबाहेर आई म्हणाली, “रान किती छान काढलंय, नाही का रे? आमच्या लहानपणी तपोवनात थोडं तरी असं होतं.” तिच्या या वाक्यातलं ‘थोडं तरी’ मला लागलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातल्या दीड हजाराहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला आणि नाशिककर झाडांसाठी रस्त्यावर उतरले. साधूंना जागा हवी, हे मी मानतो. पण तपोवनातून वन काढलं तर ते साधू येणार कशासाठी? ज्या जपानी चित्रकारांनी लहानपणी आमची पंचवटी पाहिली नव्हती, त्यांनी परदेशात बसून तिचं एकेक पान रंगवलं. आणि आपल्याला तर काहीच काढायचं नाही, आहे ते फक्त उभं ठेवायचं आहे.

तुमच्या घरात लहान मुलं असतील तर त्यांना हा चित्रपट जरूर दाखवा, सव्वादोन तास त्यांच्याबरोबर बसून. मग एखाद्या रविवारी सकाळी त्यांना तपोवनात घेऊन या. सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी या.