म्हैसूरहून बाबांना

मानसगंगोत्री, म्हैसूर
सोमवार, रात्री

तीर्थरूप बाबांना,

गाडी वेळेवर पोचली. मिरजेला तुम्ही खिडकीतून दिलेली बेदाण्याची पिशवी हुबळीच्या आधीच निम्मी झाली होती. खोली चांगली आहे, काळजी करू नका.

आज लेझर पाहिला. सांगलीत लग्नपत्रिका आणि अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापतात, तसलंच यंत्र! खाली मधाच्या रंगाची पातळ फिल्म ताणून ठेवली. मोबाइल दुरुस्तीवाले जी पिवळी टेप वापरतात, त्याच जातीची, नाव पॉलिइमाइड. किरण सरकत गेला तशी मागे काळी रेघ उमटत गेली, मखमलीसारखी. बोट फिरवलं तर काजळी लागली. मल्टीमीटरच्या दोन टोकांत ती रेघ धरली आणि यंत्र वाजलं. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, या रेघेतून जाते. बाबा, मी ते चारदा करून पाहिलं.

वेग जमवणं मात्र अवघड. किरण फार भराभर फिरला तर नुसता तपकिरी डाग पडतो, रेंगाळला तर फिल्मला भोक. माझ्या सहा पट्ट्या वाया गेल्या.

बुधवार, सकाळी

परवा अर्धवट सांगितलं. पॉलिइमाइडच्या रेणूत कार्बनची षटकोनी कडी आधीच असतात. लेझरच्या उष्णतेने कार्बनचे नायट्रोजन आणि ऑक्सिजनशी असलेले बंध तुटतात, वायू उसळून बाहेर जातात आणि उरलेला कार्बन षटकोनांच्या जाळीत बसतो; अशा जाळीला ग्राफीन म्हणतात. वायू निघून गेल्यामुळे सगळा फेस, जाळीदार भाकरीसारखा. या पोकळ्यांमुळेच एवढ्याशा रेघेला भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि सेन्सरला तोच हवा असतो. २००४ साली मँचेस्टरला ग्राफाइटवरून चिकटपट्टीने सोलून काढलं ते एका थराचं ग्राफीन. आमच्या रेघेतलं अनेक थरांचं, थोडं वेडंवाकडं. लेझरची ही युक्ती अमेरिकेत राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडली. त्यांनी १५ प्लॅस्टिकं तपासली, जमलं दोनांवरच. पुढे २०१८ मध्ये त्यांनीच पाव, बटाटा आणि नारळाच्या करवंटीवरही अशा रेघा काढल्या.

उजेडाने काळं पाडण्याची विद्या या गावाला जुनीच. मतदानाची शाई इथल्याच कारखान्यात १९६२ पासून बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट बोटावर उजेडानेच काळं पडतं.

काल एक पट्टी मनगटावर चिकटवली. नाडीच्या ठोक्याला ती केसभर वाकते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि पडद्यावर लाट उठते. स्वतःची नाडी बघत किती वेळ बसले होते, कळलंच नाही.

शुक्रवार, रात्री

आता आपल्या द्राक्षबागेचं. मागच्या हंगामात माती आणि देठ परीक्षणाचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा खताचा डोस देऊन आठवडा उलटला होता. तुम्ही कुणाला बोलला नाहीत. पण तो कागद घडी घालून खिशात ठेवताना मी तुम्हाला पाहिलं. इथे येताना डोक्यात तेवढंच होतं.

याच काळ्या रेघेवर नायट्रेटलाच ओळखणारं पातळ पटल चढवतात. मातीच्या पाण्यात नायट्रेट किती, त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं. अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा पट्ट्यांनी मातीतला नायट्रोजन मोजला आहे. पट्टी करणं त्या मानाने सोपं. आपल्या काळ्या रानात, ठिबकच्या खारट पाण्यात ती खरा आकडा देते का, हा खरा प्रश्न. पाण्यातला क्लोराइड तिला फसवू शकतो. म्हणून प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून बघितल्याशिवाय मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

एक काम करा. खरड छाटणीच्या खताआधी पश्चिमेच्या तुकड्यातली माती काढा. ठिबकच्या नळीजवळची एक आणि दोन ओळींच्या मधली एक, दोन्ही वीतभर खोलीवरच्या. सावलीत वाळवा आणि वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठ्या घालून, पाव-पाव किलो पाठवा. पत्ता पाकिटावर आहे. विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही, झाकण घट्ट लावून.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई