सोबत जाणारं माणूस

गारखेडा परिसर,
छत्रपती संभाजीनगर

ती. ताईस,


डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून कायमचं इकडे यायचं तुझं पक्कं झालं, फार बरं वाटलं. ‘सगळा जन्म बँकेत गेला, मला तुमच्या वस्तीतल्या कामातलं काय कळणार?’ असं तू फोनवर विचारलंस. फोनवर दोन शब्दांत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

तू इथून गेलीस तेव्हाचं शहर आता राहिलेलं नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमागे जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं येत राहिली आणि मुकुंदवाडी, मिसारवाडी, नारेगाव, रांजणगाव अशा वस्त्या भरत गेल्या. एका खोलीत संसार. नवरा कंत्राटी कामावर, बायको चार घरच्या धुण्याभांड्याला. नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी थोरल्या मुलीची शाळा बुडते. गावाकडे लेकरू तापलं तर चुलती बघते, नवरा-बायकोचं बिनसलं तर थोरला दीर दोघांना समोर बसवतो, पोरगं वाया जायला लागलं तर मामा येऊन कान धरतो. शहरात आलेल्या कुटुंबाची ही माणसं मागे राहिली. त्यांच्या जागी दुसरं कोणी उभं राहिलं नाही, तर कुटुंब पहिल्याच दणक्याला मोडतं. मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी चालणाऱ्या सगळ्या सेवांचं मूळ मला यातच दिसतं.

आणि ताई, या सेवा नाहीत असं नाही. अंगणवाडी 1975 पासून आहे. संकटातल्या लेकरासाठी 1098 हा क्रमांक आहे. त्याची सुरुवात 1996 साली तुमच्या मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून झाली. अनाथ किंवा निराधार मुलांचा निर्णय बालकल्याण समिती करते. नांदवत नाहीत, मारहाण होते, अशा बाईसाठी सखी केंद्र आहे, 181 ही मदतवाहिनी आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे. मनाचा त्रास होत असेल तर 14416 वर फुकट बोलता येतं, व्यसनासाठी 14446 आहे. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. स्वयंसेवी काम तर या शहरात जुनं आहे. काही तरुण डॉक्टरांनी 1989 साली इथे गारखेड्यात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केलं, त्याच्या जोडीनं सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळ वस्त्यांमध्ये उतरलं, आणि आरोग्य, बालवाड्या, किशोरवयीन मुली, बचत गट असं काम उभं राहिलं. स्वमग्न मुलांसाठी ‘आरंभ’ ही संस्था आहे. त्याच्याही आधी, 1950 साली, बाबासाहेब आंबेडकरांनी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय काढलं. खेड्यातलं पोर इथे येऊन शिकायचं तर त्याला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे ओळखून तिथे वसतिगृहं झाली. आज विद्यापीठात ‘कमवा व शिका’ चालते, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे.

मग अडतं कुठे? घराच्या उंबऱ्यापासून कार्यालयातल्या टेबलापर्यंतच्या रस्त्यावर. तो रस्ता माणसाला एकट्यानं पार करता येत नाही. मी एवढी वर्षं बालवाड्यांचं काम बघते आहे, त्यावरून माझं ठाम मत झालंय की आपल्या शहराला आज सगळ्यात मोठी उणीव सोबत जाणाऱ्या माणसाची आहे.

एका बाईचं सांगते. नवरा आजारपणात गेला, पदरी दोन शाळकरी लेकरं. आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. 2023 मध्ये तिची रक्कम दरमहा 1,100 वरून 2,250 रुपये झाली. बाईला योजना माहीत होती, शेजारणीनं सांगितलं होतं. अर्जही केला होता, तो दोनदा परत आला होता. माझ्याकडे आली तेव्हा साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद होते. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावात एक अक्षर वेगळं. दाखला खराब होऊ नये म्हणून तिनं तो लॅमिनेट करून घेतला होता. एका खेपेला कोणीतरी ‘नाव जुळत नाही’ एवढंच सांगितलं होतं. कुठलं नाव, कशाशी जुळत नाही, ते तिला कळलं नव्हतं. दर खेपेला एक खाडा पडायचा. खाड्याचे पैसे कापले जायचे, वर मालकिणीची बोलणी.

मी काही जगावेगळं केलं नाही. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा याचा क्रम लावला. आधी दाखला, मग बँकेतलं नाव, मग उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड. बँकेत तिच्या शेजारी उभी राहिले, फॉर्म भरून दिला. गृहचौकशीला कोण येईल, काय विचारेल, ते आधी समजावून सांगितलं, म्हणजे दारात अनोळखी माणूस बघून ती घाबरू नये. पुढे समितीचा आदेश झाला आणि पैसे आले. मोबाइलवर आलेला इंग्रजी मेसेज ती माझ्याकडून वाचून घ्यायला आली, तेव्हा त्या पैशांतून आधी मुलीची सायकल घ्यायची की थकलेलं भाडं द्यायचं याचा हिशेब तिनं मनाशी मांडलेला होता. तू विचारतेस, बँकेतल्या माणसाचा काय उपयोग. केवायसी, नावातला फरक, आधार जोडणी, बंद पडलेलं खातं: निम्म्या घरांची मदत याच ठिकाणी अडून बसते, आणि यातलं तुला जेवढं कळतं तेवढं आमच्यापैकी कोणालाच कळत नाही.

कोविडमध्ये आई-वडील दोन्ही गेलेली मुलं आता मोठी होताहेत. पीएम केअर्सच्या योजनेत त्यांना वयाच्या 23 व्या वर्षी 10 लाख रुपये मिळायचे आहेत. एवढी रक्कम हातात पडेल तेव्हा नातेवाईक गोळा होतील, गुंतवणूक सुचवणारेही येतील. त्या वयात स्वतःचा कुठलाही स्वार्थ नसलेलं एक जाणतं माणूस त्या मुलांजवळ असायला हवं. तेही काम तुझंच.

आता पोरांचं. वर्तमानपत्रात ‘बटन’ गोळ्या पकडल्याची बातमी इथे वरचेवर असते. झोप न येणं, चिंता अशा आजारांवर डॉक्टर देतात त्या या गोळ्या. त्या चिठ्ठीशिवाय, चोरून विकल्या जातात आणि शाळा सुटलेल्या, काम न मिळालेल्या मुलांच्या खिशात पोचतात. आईला पहिल्यांदा कळतं तेव्हा ती ते झाकते. बापाला कळलं तर मारेल, गल्लीला कळलं तर बहिणीचं लग्न ठरणार नाही, ही भीती असते. मग पोराला खोलीत कोंडतात. हे घातक आहे, ताई. सवय जुनी असेल तर या गोळ्या एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. एवढी एक गोष्ट वेळेवर सांगणारं कोणी असलं तरी एखादा जीव वाचतो. आणि ओपीडीच्या बाकावर त्या आईच्या शेजारी कोणी बसलं, तर ती पुढच्या तारखेलाही येते. पोरगं सुधारतं, पुन्हा घसरतं, पुन्हा उठतं. त्या घसरण्यानंतरही ज्याचं येणं थांबत नाही, त्याच्यावरच आई विश्वास टाकते.

मुलींचं दुखणं वेगळं. दहावीनंतर शाळा सुटली की स्थळं यायला लागतात. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गावाकडे नेऊन लग्न उरकतात. 1098 वर कळवलं तर ते लग्न थांबतं, आणि थांबवायलाच हवं. पण थांबवल्यावर त्या मुलीचं अकरावीत नाव घालणं, जाण्यायेण्याची सोय लावणं, बापाची काळजी ऐकून घेणं, हे पुढचं काम कुणी केलं नाही, तर सहा महिन्यांत तीच गोष्ट पुन्हा घडते.

चांगलं काय चाललंय, तेही सांगते. कोविडमुळे शाळांना कुलूप होतं, तेव्हा 2021 च्या जानेवारीत बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीनं आपल्या गल्लीतल्या मुलांसाठी बालवाचनालय उघडलं. वडील पुस्तकविक्रेते, त्यांच्या रीड अँड लीड फाउंडेशननं ते काम पुढे नेलं आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत अशी तीसहून अधिक वाचनालयं झाली. मला यातलं मोल वाटतं ते जवळिकीचं. तिथे जायला रिक्षा लागत नाही, अर्ज लागत नाही, देखरेख करणारं माणूस गल्लीतलंच असतं. मूल रोज येतं, म्हणून ते चार दिवस आलं नाही तर लगेच कळतं. कुटुंबाला काय झालंय याची पहिली खबर अशाच ठिकाणी लागते. अंगणवाडीची ताई, आशाताई, वाचनालय सांभाळणारी मुलगी, ही या शहराची खरी पहिली दारं आहेत. बाकीची दारं त्यांच्यामागून उघडतात.

तू येशील तेव्हा काही पथ्यं मात्र पाळायची. रोख पैसे द्यायचे नाहीत, त्यानं नातं बिघडतं. ‘मी करून देते’ असं वचन द्यायचं नाही, ‘मी बरोबर येते’ एवढंच म्हणायचं. मुलाचे फोटो काढायचे नाहीत, नाव बाहेर सांगायचं नाही. बाल न्याय कायदाही तेच सांगतो आणि माणुसकीही. अर्ज बाईनं स्वतः द्यायचा, सही तिची, बोलायचंही तिनंच. आपण शेजारी उभं राहायचं. म्हणजे पुढच्या वेळी ती एकटी जाते, आणि त्याच्या पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन जाते. मी हे घडताना पाहिलंय.

एक शेवटचं. अनेक जण उत्साहानं येतात, वह्या वाटतात, एका दिवसात परत जातात. वह्यांना मी वाईट म्हणत नाही. पण कुटुंबाला आधार लागतो तो पुढच्या महिन्यात, त्याच्याही पुढच्या महिन्यात. म्हणून तू दहा घरं घेऊ नकोस, एकच घे, आणि वर्षभर सोडू नकोस. आठवड्यातली एक सकाळ पुरे. तुझ्या बरोबरीच्या, बँकेतून, शाळेतून, कचेरीतून निवृत्त झालेल्या बायका-पुरुष या शहरात कितीतरी आहेत. त्यातल्या चौघांनी एकेक घर धरलं, तरी एका गल्लीचा नूर बदलेल. सामान लागलं की निरोप दे. पहिल्याच सोमवारी तुला आमच्या अंगणवाडीच्या ताईंकडे घेऊन जाते; कुठल्या घरी तुझी गरज आहे, ते त्या सांगतील.

तुझी,
धाकटी