गवताचं तिकीट वेटिंगवर!

‘‘अगं, बाहेर चौकोनी चौकोनी काय दिसतंय? गालिच्याचे तुकडे जोडलेत का?’’ आमच्या ग्रूपमधल्या ठाण्याच्या काकूंनी विचारलं. नाकात ऑक्सिजनची नळी, हातात शेंगदाण्याची चिक्की, आणि नजर खिडकीबाहेर! गाडी वळणावर होती, म्हणून पुढच्या भरावाचा उतार स्पष्ट दिसत होता. काकूंचं बरोबर होतं. गवत खरंच तुकड्यातुकड्यांनी लावलेलं होतं.

ल्हासाला विमानानेही जाता येतं. पण मला जगातला सगळ्यात उंच रेल्वेमार्ग बघायचा होता. गोलमुड ते ल्हासा, १,१४२ किलोमीटर. २००१ मध्ये काम सुरू झालं, १ जुलै २००६ ला गाडी धावली. यातले ९६० किलोमीटर ४,००० मीटरच्या वर आहेत. विचार करा, आपलं कळसूबाई १,६४६!

एवढी रेल्वे बांधायची तर डोंगर खणणार, माती उचलणार, गवत मरणार. मग ते परत आणायचं कसं? गंमत म्हणजे याचं उत्तर उंचीप्रमाणे बदलतं.

सकाळी गोलमुड. उंची साधारण २,८०० मीटर, वर्षाचा पाऊस जेमतेम ४० मिलीमीटर. इथे गवत लावण्याचा प्रश्नच नाही. वाळू रुळांवर येऊ नये म्हणून तिलाच धरून ठेवायचं. वाळूचा त्रास पुढे तुओतुओ नदीजवळही आहे. तिथे जमिनीवर दगडांच्या चौकटी आखल्यात, थेट बुद्धिबळाचा पट!

कुनलुन खिंड ओलांडली की साडेचार हजारांच्या वरचं विरळ गवत. मुळं इतकी तुटक की उचलायला गेलं तर हातात मातीच येणार. म्हणून इथे बी पेरायचं, तेही तिथल्याच थंडीत तगणाऱ्या जातींचं. पेरलेलं गवत पहिली एक-दोन वर्षं मस्त वाढतं आणि मग दमतं. मूळचं गवत मात्र अगदी सावकाश परततं. उन्हाळाच काही आठवड्यांचा, तर बिचारं करणार काय?

दुपारी तांगुला खिंड, ५,०७२ मीटर. डोकं जाम दुखत होतं, पण झोपले नाही. खिंडीपलीकडे आमदोच्या बाजूला चित्रच बदललं. दाट, बुटकं, लव्हाळ्याच्या जातकुळीतलं कोब्रेसिया. याची मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की मातीसकट लादी कापता येते. बांधकामाआधी लाद्या काढायच्या, बाजूला रचून पाणी घालत जगवायच्या आणि काम संपलं की भरावावर बसवायच्या. काकूंचा गालिचा तो हाच!

आणि ही हौस नव्हे. खालची जमीन बारा महिने गोठलेली आहे. वरचं गवत म्हणजे तिची गोधडी. ती ओढून काढली की उन्हाळ्यात बर्फ जास्त खोलवर वितळतो, जमीन खचते, आणि तिच्यासोबत रूळही. याक चारणाऱ्यांचं कुरण जातं ते वेगळंच.

सगळं छान झालंय असं मात्र नाही. रुळांना सोबत करणाऱ्या १९५४ च्या महामार्गाकडेला माती काढून नेलेले उघडेबोडके खड्डे दिसत राहतात. गवत न सांभाळता खणलं की काय होतं, ते बघायला म्युझियमची गरज नाही.

संध्याकाळी ल्हासा आलं, ३,६५० मीटर. नदीकाठी झाडं, बार्लीची शेतं. काकूंनी नळी काढली आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या सोसायटीमागची टेकडी कापली ना, तेव्हा गवत कुणी बाजूला ठेवलं नाही गं.’’

मी गप्प बसले. माझ्या ऑफिसमागेही तसाच कापलेला उतार आहे. दर पावसाळ्यात त्याची लाल माती पार्किंगमध्ये येते. पुढच्या गेटजवळ मात्र विकतच्या लॉनची हिरवीगार गुंडाळी अंथरलीय, रोज पाणी पिणारी.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी चहाचा कप घेऊन त्या उतारापाशी गेले. काठावर थोडं जुनं गवत अजून आहे, बी धरलेलं. फॅसिलिटीवाल्यांना मेल टाकलाय, निदान तेवढं तरी कापू नका. उत्तर अजून आलेलं नाही. आमचंही गवत सध्या वेटिंगवरच!